घटातली माती, मडक्यातले बी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावेत असा मंडळाचा निरोप आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. व्याख्यान देणे हा माझा प्रांत नव्हे. पण चिटणीसबाई घरीच येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “तुम्हाला जे सांगावंसं वाटतं तेवढंच सांगा.” मग मात्र माझी पंचाईत झाली. कारण सांगावेसे वाटते असे एक पुष्कळ दिवस मनात होते, आणि ते चारचौघींत सांगायला थोडी लाजही वाटत होती. आज ते सांगते.

गोष्ट नवरात्रातली आहे. घट बसवायचा म्हणून मी बाजारात गेले. पत्रावळ घेतली, मातीचा घट घेतला, नागवेलीची पाने घेतली आणि पिशवीतली काळी माती घेतली. हो, माती विकत घेतली. हल्ली नवरात्राच्या आदल्या दिवशी मातीच्या पिशव्या विकायला येतात हे आपण सर्वजणी जाणतो. आपल्यापैकी पुष्कळजणी घेतातही. माझ्याबरोबर नात होती. ती दुकानातून बाहेर पडल्यावर मला म्हणाली, “आजी, आपलं शेत आहे ना? मग माती का विकत घेतली?”

मी म्हटले, “शेत लांब आहे बाळ, आणि आजोबांना वेळ नाही.” हे उत्तर खरे होते, पण पुरते नव्हते. आमचे शेत काही फार लांब नाही. मी त्या शेताची माती घरात आणायचे विसरले होते, हे खरे उत्तर.

पुढे आणखी गंमत झाली. घटात पेरायला धान्य हवे. घरात गव्हाचे पीठ होते, गहू नव्हता. कारण आता आपण पीठच आणतो. शेतावरून ज्वारीच्या बियाण्याची उरलेली पिशवी आली, तर त्यातले दाणे औषध लावून गुलाबी केलेले. देवीच्या घटाला विषाचे बी कसे घालायचे? शेवटी शेजारणीकडून ओंजळभर धान्य मागून आणले आणि वेळ निभावली.

मैत्रिणींनो, नऊ दिवस त्या घटापुढे बसून मी विचार करीत होते. आपल्या घटाचा अर्थ काय? शेतातली माती पत्रावळीवर घ्यायची, तिच्यात सात किंवा नऊ धान्ये पेरायची, मध्ये पाण्याचा घट ठेवायचा. घटातून पाणी झिरपते आणि दसऱ्यापर्यंत हिरवे अंकुर वर येतात. रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर घरातले बी उगवते की नाही याची परीक्षा बाईच्या हातून, देवघरात, अगदी शास्त्रशुद्ध होत असे. जे बी घटात दाट उगवले ते पेरायला चांगले. माती आपली, बी आपले, परीक्षा आपली. आता यातली मातीही विकतची आणि बीही विकतचे किंवा मागून आणलेले. मग राहिले काय? घट तेवढा राहिला!

आता लाजेची गोष्ट सांगते.

मी लग्न होऊन १९७४ साली या गावात आले. माहेर मंगळवेढ्याकडचे, ज्वारीच्या मुलखातले. सासरी चुलीच्या मागच्या भिंतीला एक उतरंड होती. खाली मोठे मडके, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. या उतरंडीवर सासूबाईंची सत्ता चाले. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणत असू. पावटा, गवार, दोडका, कारले, काळी चवळी, अंबाडी, राळे, करडई, सगळे बी त्या मडक्यांत असे. चुलीतली चाळलेली राख बियांत मिसळायची, वर कडुनिंबाचा पाला घालायचा आणि तोंड शेणमातीने लिंपून टाकायचे. दुधीभोपळ्याचे बी भोपळ्यातच वाळवून आढ्याला टांगलेले असायचे. कणसे चुलीच्या वर धुरात लटकत. आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती. पण कोणते बी कोणत्या साली कोणाच्या शेतातून आले हे त्यांना तोंडपाठ होते.

त्या उतरंडीत एक पावटा होता. पांढऱ्या दाण्यावर काळी रेघ. भोगीच्या भाजीत तो पावटा नसला तर आत्याबाई भाजीला भोगीची भाजी म्हणत नसत. तो त्यांच्या आईने त्यांच्या ओटीत घातला होता.

१९८७ साली आमच्या घरावर स्लॅब पडला. चूल गेली, गॅस आला, भिंतीला रंग लागला. जुने सामान उकिरड्यावर गेले, त्यात उतरंडही गेली. मीच दिली काढून. काळी पडलेली मडकी नव्या स्वयंपाकघरात कशाला, असे मला वाटले. आत्याबाई त्या वेळी डोळ्यांनी अधू झाल्या होत्या. पावसाच्या तोंडावर त्यांनी विचारले, “सूनबाई, उतरंड कुठं गं ठेवलीस?” मी म्हटले, “माळ्यावर ठेवलीय, आत्याबाई.”

त्या पुढे तीन वर्षे होत्या. दर मृगाला विचारीत, आणि दर मृगाला मी तेच उत्तर देत असे. पावटा आजही बाजारात मिळतो. तो पावटा मात्र मला पुन्हा कुठे मिळाला नाही.

हे सांगून मला आपले मन हलके करायचे नाही. मला आपल्याला एका बाईंची ओळख करून द्यायची आहे. त्यांचे आणि आपले आयुष्य एकाच काळातले. पण आपण जे टाकून दिले तेच त्यांनी सांभाळले. त्यांचे नाव राहीबाई सोमा पोपेरे.

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले नावाचा तालुका आहे. वऱ्हाडातले अकोला ते वेगळे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर उंचीचे, ते याच तालुक्याच्या हद्दीवर. सह्याद्रीच्या या डोंगरांत महादेव कोळी या आदिवासी समाजाची वस्ती फार जुनी आहे. भात, नागली, वरई, खुरासणी, वाल, घेवडा ही तिथली पिके. पावसाळ्यात कुरडू, भारंगी, चाई, टाकळा अशा रानभाज्या. या तालुक्यातल्या कोंभाळणे गावी १९६४ साली राहीबाईंचा जन्म झाला. घरची गरिबी, त्यामुळे शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. घरची शेती पावसावरची. पावसाळा संपला की घरातली माणसे अकोल्याच्या साखर कारखान्यावर मजुरीला जात.

हे वाक्य मी मुद्दाम उच्चारले. आपल्या अकलूजच्या आसपास दर गळीत हंगामात उसाच्या कडेला कोप्या पडतात, आपण जाता-येता पाहतो. त्या कोपीतल्या बाईला काय ठाऊक असेल, असे आपल्याला सहज वाटून जाते. तर अशीच एक हंगामी मजुरी केलेली बाई पुढे देशाला बियाण्याचे शास्त्र सांगू लागली, हे आपण ध्यानात ठेवावे.

डोंगरातही काळ बदलतच होता. संकरित भाताच्या पिशव्या आल्या, त्यांच्या मागोमाग खताची पोती आणि फवारणीची औषधे आली. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला तशी नागली-वरईची पेरणी कमी झाली. रेशनला मी नावे ठेवीत नाही. उपाशी लेकराला त्याने जगवले आहे. पण एक गोष्ट नकळत घडली. ज्या घरात पूर्वी बी मागायला माणसे यायची, त्या घराला दरसाल बियांसाठी पैसे काढावे लागू लागले. संकरित बियांचे पीक घेऊन त्यातलेच दाणे पुन्हा पेरले तर पीक पहिल्यासारखे येत नाही, म्हणून दरसाल नवी पिशवी. ज्याच्या हाती रोकड नाही त्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की पेरणीआधीच डोक्यावर कर्ज.

राहीबाई सांगतात, की त्यांचा नातू आजारी पडला आणि त्यांच्या मनाने घेतले की हे दुखणे फवारलेल्या भाजीपाल्याचे आहे. त्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले आठवले, की जुने बी हे धन आहे. मग घरोघरी, वाडीवाडीला जाऊन म्हाताऱ्या बायांकडे उरलेले ओंजळ ओंजळ बी त्या गोळा करू लागल्या. वालाचे आणि घेवड्याचे किती तरी प्रकार त्यांना मिळाले. भात, नागली, वरई, कडधान्ये, तेलबिया, भाजीपाला. लोक हसलेच असतील. चांगल्या पिशवीतले बी सोडून ही बाई जुनाट दाणे कशाला वेचते, असे कोणाला वाटले नसेल?

पुढे बाएफ या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी हे काम पाहिले. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला सुरू केलेली ही संस्था आपल्याला ठाऊक आहे. त्यांच्या साहाय्याने राहीबाईंच्या घरीच बियाणे बँक उभी राहिली. परिसरातल्या बायका एकत्र येऊन कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती झाली. १७ पिकांचे ४३ गावठी वाण त्यांनी सांभाळल्याची नोंद झाली, आणि संग्रह पुढेही वाढत राहिला. या बँकेची रीत आपल्याला समजेल अशी आहे. पेरायला बी घ्यावे आणि पीक आले की दुप्पट परत करावे. व्याज पैशाने नाही, दाण्यांनी. डॉ. रघुनाथ माशेलकरांसारख्या शास्त्रज्ञाने त्यांना ‘बीजमाता’ म्हटले. २०१८ साली बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव घातले, २०१९ च्या महिला दिनी त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

पण मला त्यांच्या पुरस्कारांचे कौतुक त्या मानाने थोडे आहे. मला कौतुक या गोष्टीचे आहे, की त्यांनी बी शिंक्यावर टांगून ठेवले नाही, तर दरसाल पेरले. नॉर्वे देशात बर्फाच्या डोंगरात २००८ साली एक मोठे कोठार बांधले आहे. जगभरातल्या पिकांचे बी तिथे गोठवून ठेवतात. तेही काम मोठे आहे. पण तिथले बी निजलेले असते. कोंभाळण्याचे बी दर पावसाळ्यात जागे होते, त्या वर्षीचा पाऊस, त्या वर्षीची कीड सोसते आणि त्यातून जे टिकते ते पुढच्या सालाला शहाणे होऊन येते. गावठी वाण आपल्या मातीला आणि पावसाला सरावतो तो असा.

आता कोणी विचारील, यातून साधायचे काय? सगळे घरचेच खायचे? बाजारात जायचेच नाही? तसे नाही. मीठ कुणाच्या घरी पिकते? अन्नाचे स्वावलंबन म्हणजे बाजाराशी वैर नव्हे. बाजार बंद पडला, भाव चढला, पाऊस चुकला, तरी घरातली चूल दुसऱ्याच्या मर्जीवर राहू नये, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या वयाच्या बायकांना १९७२ चा दुष्काळ आठवतो. मी तेव्हा माहेरी होते. मंगळवेढ्याची ज्वारी म्हणजे मोत्याचा दाणा. आणि त्या मंगळवेढ्यात आम्ही परदेशातून आलेली तांबडी मिलो खाल्ली. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळे. त्या अन्नाने जीव वाचले, त्याचे उपकार विसरू नयेत. पण आईने त्या वर्षीही एका मडक्याला हात लावू दिला नाही. आम्ही भुकेले होतो आणि मडक्यात ज्वारी होती! धाकटा भाऊ रडला तेव्हा आई म्हणाली, “ते खायचं नाही, ते बी आहे.” पुढच्या वर्षी पाऊस आला आणि ते मडके फुटले. आईचे ते वाक्य मला आत्ता या वयात समजते आहे.

आपल्या जिल्ह्याची त्या ज्वारीची पुण्याईही मोठी आहे. याच मालदांडीतून मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड करून मालदांडी ३५-१ हा वाण तयार झाला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे बी सांभाळण्याचे काम फक्त डोंगरातल्या लोकांचे आहे असे नाही. आपल्या आजी-पणजीही त्याच शाळेत शिकल्या होत्या. आपण ती शाळा अर्ध्यावर सोडली, एवढेच.

बियांचे सांगितले, आता मातीचे सांगते. कारण चांगले बी मेलेल्या मातीत टाकले तर काय उपयोग?

डोंगरात माती हे सर्वांत दुर्मीळ धन. सह्याद्रीचा पाऊस असा, की उतारावरची माती बघता बघता ओढ्याला जाते. निसर्गाला इंचभर माती करायला शेकडो वर्षे लागतात आणि ती एका पावसाळ्यात वाहून जाऊ शकते. म्हणून तिथे बांध घालणे, पाला कुजवणे, शेणखत जपणे याला पिकाइतकेच महत्त्व. राहीबाईंनी शिकून घेतलेली भाताची चारसूत्री पद्धत आहे, डॉ. ना. कृ. सावंत यांनी बसवलेली. तिचे चौथे सूत्र विकतच्या खताच्या गोळ्यांचे आहे आणि तिसरे लावणीच्या अंतराचे. पण पहिली दोन सूत्रे पाहा. भाताच्या तुसाची राख रोपांना आणि पेंढा शेताला परत द्यायचा, हे पहिले. गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडायचा, हे दुसरे. म्हणजे शेताने दिले त्यातले शेताला परत करा. साधी गोष्ट आहे, पण आपण विसरलो आहोत.

आपण कसे विसरलो ते सांगते. भाटघरचे धरण १९२८ साली पुरे झाले आणि नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी आपल्या मुलखाला मिळाले. माळरानाचे मळे झाले. ऊस आला, कारखाना आला, शाळा-कॉलेजे आली, आपली मुले शिकली. उसाला मी वाईट म्हणणार नाही. उसाच्या पैशावरच माझ्या मुलांची शिक्षणे झाली. पण पाणी वाजवीपेक्षा जास्त दिले तर जमीन खारवते, चोपण होते, हे आपल्या कालव्याकाठच्या किती तरी घरांनी भोगले आहे. आणि दुसरी गोष्ट पाचटाची. ऊस तुटून गेला की एकरी तीन ते चार टन पाचट शेतात राहते. पुष्कळ शेतकरी आता ते कुजवतात, हे चांगले आहे. पण अजून हंगामात संध्याकाळी गावाबाहेर पाहा, कुठे ना कुठे ज्वाळा दिसतातच. ती काडी पेटली की तीन-चार टन माती जन्मायच्या आधीच जळाली, असे समजावे. आणि मग नवरात्रात आपण पिशवीतली माती विकत आणतो!

माती करता येते, हे मला पूर्वी ठाऊक नव्हते. माती असते, ती कोणी करत नाही, असे वाटे. पण कोल्हापूर जिल्ह्यात श्रीपाद अच्युत दाभोळकर होऊन गेले. गारगोटीला गणित शिकवणारे हे गृहस्थ. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ नावाने शेतकऱ्यांना एकत्र आणले. त्यांचे म्हणणे असे, की प्रत्येकाने आपल्या अंगणात स्वतः प्रयोग करावा, मोजावा, लिहून ठेवावा आणि दुसऱ्याला सांगावा. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे अन्न निघू शकते, असा हिशेब त्यांनी मांडला. २००१ साली ते वारले. त्यांच्याच विचाराने पुढे मध्यप्रदेशात नर्मदेकाठी दीपक सचदे यांनी ‘अमृतमिट्टी’ करण्याची रीत बसवली. ती मी आपल्याला सांगते, कारण तिला लागणारे सर्व सामान आपल्या दाराशी आहे.

दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ कालवायचा. गूळ तर आपल्याकडे घरचाच! हे तीन दिवस ठेवायचे, दिवसातून दोन-तीनदा ढवळायचे आणि मग त्यात दहापट पाणी घालायचे. वाळलेला पालापाचोळा बारीक करून त्या पाण्यात एक दिवस भिजवायचा. आपल्याकडे पाचट चालेल, तुरीची पाने चालतील. मग दहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि एक फूट उंच असा ढीग रचायचा. पाल्याचा एक थर, वर मूठ मूठ मातीचा पातळ थर, असे करीत. ढीग ओलसर ठेवायचा, अधूनमधून वरखाली करायचा. महिन्याभराने त्याच्यावर घरात असेल ते सर्व मिश्र बी पेरायचे: कडधान्य, तेलबी, मेथी, धने, काय असेल ते. रोपे वर आली की एकविसाव्या, बेचाळिसाव्या आणि त्रेसष्टाव्या दिवशी शेंडे खुडून त्याच ढिगात घालायचे. कोवळी पाने, मग जून पाने, मग फुलोरा, असे सर्व वयाचे अन्न मातीला मिळते. सुमारे १४० दिवसांत हाती येते ती काळी, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाची माती.

मी बोटांवर हिशेब केला. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ढीग घातला तर घटस्थापनेपर्यंत माती तयार! आपल्या पंचांगाने जणू सोयच करून ठेवली आहे.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. पहिली अडचण कष्टांची. बी सांभाळणे, शेण कालवणे, ढीग हलवणे, हे सगळे पुन्हा बाईच्याच अंगावर पडायचे, असे आपल्यातल्या काहीजणी मनात म्हणत असतील. बरोबर आहे. आत्याबाईंच्या उतरंडीचे कौतुक करताना त्यांच्या दुखणाऱ्या कमरेचा विसर पडू नये. म्हणून हे काम एकटीने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोंभाळण्यातही ते समितीने झाले, म्हणून टिकले. आणि घरातल्या पुरुषांनी फावडे उचलले तर देवी काही रागावणार नाही!

दुसरी अडचण उत्पन्नाची. गावठी बियांचे पीक कधी कधी थोडे कमी येते, हे खरे. म्हणून मी सगळे शेत बदला असे म्हणत नाही. ऊस-केळीच्या रानाचा निर्णय घरात बसून विचाराने घ्यावा. मी फक्त परसबागेचे, बांधाचे आणि गच्चीवरच्या चार कुंड्यांचे बोलते आहे. त्या एवढ्याशा जागेवर तरी सत्ता आपली असू द्या.

तिसरी शंका कायद्याची. असे बी देणे-घेणे चालते का, असे एका मुलीने मला विचारले. चालते. आपल्या देशात २००१ साली वनस्पती वाणांच्या आणि शेतकऱ्यांच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्या-घेण्याचा आणि विकण्याचाही शेतकऱ्याचा हक्क त्यात लिहिलेला आहे. संरक्षित वाणाचे बी तेवढे नाममुद्रा लावून विकता येत नाही. तेव्हा ओटीत घातलेले बी कायद्यालाही मान्य आहे.

आता सुरुवात कशी करायची? मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली, येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची. आपण दरसाल वाण देतो: कधी प्लास्टिकचा डबा, कधी चाळणी, कधी पाकीट. त्या वस्तू किती दिवस टिकतात हे आपल्याला ठाऊक आहे. गंमत अशी, की शेतकरी बियाण्याच्या जातीलाही ‘वाण’च म्हणतो. तेव्हा या संक्रांतीला वाणाचेच वाण द्यावे. प्रत्येकीने एका भाजीचे किंवा धान्याचे गावठी बी, कागदाच्या पुडीत बांधून, वर नाव लिहून, कोणाच्या घरचे तेही लिहून. नवशिक्यांनी पावटा, घेवडा, चवळी यांपासून सुरुवात करावी. ही पिके बहुतांशी आपल्याच फुलात फळतात, म्हणून वाण शुद्ध राहतो. दोडका-भोपळ्याचे परागण मधमाशा करतात. त्यांच्या दोन जाती जवळजवळ लावल्या तर सरमिसळ होते. बी धरताना उरलेसुरले, वाकडे दाणे धरू नयेत. वेलावरची सर्वांत चांगली शेंग खायचा मोह आवरून ती बियांसाठी सोडावी. आणि पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावे. ऐंशी उगवले तर बी उत्तम, पन्नासच उगवले तर दाट पेरावे.

दुसरी सूचना, मंडळाच्या आवारात अक्षय्य तृतीयेला मातीचा एक ढीग घालावा. पाचट कोणाच्याही शेतातून मिळेल, शेण-गोमूत्र गोठेवाल्या घरांतून मिळेल. आळीपाळीने पाणी घालायची यादी करू. १४० दिवसांनी जी माती निघेल ती नवरात्रात सभासदांना आणि शेजारपाजारच्या घरांना घटासाठी द्यावी, पैसे न घेता.

तिसरी सूचना, मंडळाच्या कपाटाशेजारी एक उतरंड असावी. ज्या बहिणीला बी हवे तिने ओंजळभर घ्यावे आणि पीक आल्यावर दोन ओंजळी आणून घालाव्यात, कोंभाळण्याच्या रीतीने. ते बी कोणा एकीचे नाही, गावाचे. आषाढात तुकोबांची पालखी आपल्या गावात येते, रिंगण होते. गावोगावच्या शेतकरी माउल्या त्या वारीत असतात. त्यांना जेवू घालतो तसे एक एक पुडी बी द्यावे आणि त्यांच्या गावचे मागून घ्यावे. बी जितके हातोहात फिरते तितके ते सुरक्षित राहते. माझ्या घरी एकाच मडक्यात होते, म्हणून एका बाईच्या अविचाराने ते संपले. तोच पावटा आणखी चार घरी असता तर आज मी तो मागून आणला असता.

मैत्रिणींनो, आदिवासी म्हणजे मागासलेला, त्याला आपण सुधारायचे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कोंभाळण्याच्या डोंगरातल्या, शाळेत न गेलेल्या, कारखान्यावर मजुरी केलेल्या एका बाईने आपला हा समज पार उलटा केला. आपण पुढे गेलो असे समजत होतो. पण पुढे जाताना शिदोरी मागेच टाकून आलो. ती शिदोरी त्यांनी उचलून ठेवली आहे. आता आपण ती त्यांच्याकडून नम्रपणे मागून घ्यावी आणि आपल्या मातीत रुजवावी, यात कमीपणा कसला? घरोघरी मातीच्याच चुली, असे आपण म्हणतो. चुली गेल्या, निदान माती तरी घरोघरी राहू दे.

माझ्यापुरते सांगते. परवा मी शेतावर गेले आणि बांधावरची घमेलेभर माती घरी आणली. नातीने विचारले, “आता का आणली? नवरात्र तर लांब आहे.” मी म्हटले, “हिला अजून पुष्कळ खायला घालायचं आहे, म्हणून.” त्या मातीत मी शेजारणीने दिलेला पावटा लावला आहे. त्याच्या दाण्यावर काळी रेघ नाही. पण आत्याबाईंनी आज पुन्हा विचारले, “सूनबाई, उतरंड कुठं गं ठेवलीस?”, तर यापुढे मला खोटे बोलावे लागू नये एवढीच माझी इच्छा आहे. मंडळात ठेवली आहे, आत्याबाई, असे मला सांगता यावे.